दार उघडे, वाट मात्र परक्या अंगणातून

जालना, प्रतिनिधी

भारतीय पारपत्रावर व्हिसाविना किती देशांत जाता येते, याची आकडेवारी दर काही महिन्यांनी प्रसिद्ध होते आणि तिची ठळक बातमी होते. हेन्ली संस्थेच्या पारपत्र निर्देशांकात जुलै २०२५ मध्ये भारत ७७व्या क्रमांकावर होता. व्हिसाविना किंवा तेथे उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसावर जाता येईल अशी ५९ ठिकाणे त्या वेळी भारतीयांसाठी नोंदली गेली होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये क्रमांक ८५ वर घसरला आणि ठिकाणे ५७ उरली. क्रमांक वर गेला की समाधान आणि खाली आला की हळहळ, एवढ्यावर ही चर्चा बहुधा संपते.

या यादीकडे जरा बारकाईने पाहिले, तर त्यात कॅरिबियन समुद्रातील बेटांचा भरणा मोठा असल्याचे दिसते. बार्बाडोस, ग्रेनाडा, डॉमिनिका, सेंट किट्स आणि नेव्हिस, सेंट व्हिन्सेंट, जमैका, त्रिनिदाद आणि टोबॅगो, हैती या देशांत भारतीय पर्यटकाला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. म्हणजे कागदावर पाहता, जालना जिल्ह्यातील एखाद्या शिक्षकाला किंवा मोसंबी बागायतदाराला लंडनपेक्षा बार्बाडोसला जाणे सोपे आहे. प्रत्यक्षात तसे आहे काय, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागल्यावर व्हिसामुक्त या शब्दाचा अर्थ बराच पातळ होत जातो.

जालना शहराएवढा देश

प्रथम या देशांचे आकारमान लक्षात घ्यावे. जालना जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर आहे. बार्बाडोसचे सुमारे ४३०, ग्रेनाडाचे ३४४, तर सेंट किट्स आणि नेव्हिसचे अवघे २६१ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेनुसार जालना शहराची लोकसंख्या २ लाख ८५ हजारांच्या घरात होती. बार्बाडोस या सार्वभौम राष्ट्राची लोकसंख्या साधारण तेवढीच आहे. सेंट किट्स आणि नेव्हिस या दोन बेटांच्या राष्ट्रात मिळून पन्नास हजारांच्या आसपास माणसे राहतात. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्यापेक्षाही लहान असलेल्या या भूभागांना संयुक्त राष्ट्रांत स्वतंत्र मत आहे, स्वतःचे पारपत्र आहे आणि कोणाला आत घ्यायचे हे ठरविण्याचा पूर्ण अधिकार आहे.

मराठी माणसाला ही बेटे परकी वाटत नाहीत, याचे श्रेय क्रिकेटला. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसमधील सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर मृत्यूच्या दारात पोहोचले, तेव्हा वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलने त्यांच्यासाठी रक्त दिले. चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही दिले. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या संघाने पोर्ट ऑफ स्पेनची कसोटी आणि मालिका जिंकली. सुनील गावसकर यांच्या ७७४ आणि दिलीप सरदेसाई यांच्या ६४२ धावांनी त्या बेटांची नावे महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचली. २९ जून २०२४ रोजी ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर रोहित शर्माच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी नमवून विश्वचषक जिंकला, तेव्हा भारतात मध्यरात्र होत आली होती आणि बार्बाडोसमध्ये दुपार सरत होती. ऐकून आणि पाहून इतक्या ओळखीच्या झालेल्या या भूमीवर पाय ठेवलेला मराठवाड्यातील माणूस मात्र विरळाच.

जालना ते ब्रिजटाऊन

या प्रवासाचा पहिला टप्पा अलीकडे बराच सुकर झाला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये जालना-मुंबई वंदे भारत सुरू झाली. २०२५ मध्ये ती नांदेडपर्यंत वाढविण्यात आली. जालन्याहून मुंबईला सुमारे सात तासांत पोहोचता येते. समृद्धी महामार्गही जून २०२५ मध्ये मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण झाला. चिकलठाण्याचा विमानतळ तर जालना रस्त्यावरच आहे. पारपत्र काढण्यासाठी पूर्वी मोठ्या शहरांच्या खेपा घालाव्या लागत. २०१७ पासून टपाल कार्यालयांत पारपत्र सेवा केंद्रे सुरू झाल्याने देशभरातील जिल्ह्यांच्या ठिकाणची ती यातायात कमी झाली.

खरी अडचण मुंबईच्या पुढे सुरू होते. भारतातून कोणत्याही कॅरिबियन बेटावर थेट नियमित विमान जात नाही. वाटेत किमान एकदा विमान बदलावे लागते आणि नेहमीचे मार्ग लंडन, न्यूयॉर्क, मायामी, टोरांटो किंवा ॲमस्टरडॅम या शहरांतून जातात. येथेच व्हिसामुक्त या शब्दाला पहिली ठेच लागते.

अमेरिकेच्या विमानतळांवर आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी वेगळा संक्रमण कक्ष नाही. मायामीला दोन तास थांबून पुढचे विमान पकडायचे असले, तरी भारतीयाला आधी अमेरिकेचा व्हिसा असावा लागतो. ब्रिटनमध्ये विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही भारतीयांना संक्रमण व्हिसा लागतो. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांचा वैध व्हिसा आधीच हाती असेल, तर ठरावीक अटींवर त्यातून सवलत मिळते. कॅनडातही हाच प्रकार आहे. युरोपातील नियम देशागणिक निराळे आहेत आणि ते बदलत असतात. काही विमानतळांवर एकाच तिकिटावर प्रवास असेल तर भारतीयाकडे संक्रमण व्हिसा मागितला जात नाही. पण स्वस्त पडते म्हणून दोन कंपन्यांची वेगळी तिकिटे काढली आणि सामान बाहेर येऊन पुन्हा जमा करावे लागले, तर तेथेही प्रवेशाचा पूर्ण व्हिसा हवा.

याचा अर्थ असा की, बार्बाडोसने दार उघडे ठेवले असले तरी त्या दारापर्यंतची वाट दुसऱ्याच्या अंगणातून जाते आणि त्या अंगणाची कडी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा व युरोपच्या हाती आहे. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी २०२२च्या अखेरीस मुंबईतील प्रतीक्षा दोन वर्षांच्याही पुढे गेली होती. व्हिसाचे शुल्क जून २०२३ पासून १८५ डॉलर झाले आणि व्हिसा नाकारला गेला तरी ते परत मिळत नाही. ज्या माणसाला हा व्हिसा मिळतो, त्याला बार्बाडोसच्या व्हिसामुक्तीची फारशी गरज उरत नाही. ज्याला तिची गरज आहे, त्याला तिथवर पोहोचण्याची वाट सहसा मिळत नाही.

अँटिग्वाचा नियम या दृष्टीने बोलका आहे. भारतीयांना तेथे व्हिसा लागतो. परंतु पारपत्रावर अमेरिका, ब्रिटन, कॅनडा किंवा युरोपातील शेंगेन देशांचा वैध व्हिसा असेल, तर विमानतळावर शुल्क भरून प्रवेश मिळतो. प्रवाशाची पारख करण्याचे काम लहान देशाने मोठ्या देशांवर सोपविले आहे, एवढाच याचा अर्थ. निर्देशांकातील आकड्यात यातले काहीच उमटत नाही.

दारातील चौकशी

दुसरा गैरसमज असा की, व्हिसा लागत नाही म्हणजे प्रवेश मिळणारच. परदेशी जाण्याचा अधिकार हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी आणि १९७८ मध्ये मनेका गांधी प्रकरणात स्पष्ट केले. हा अधिकार आपल्या सरकारविरुद्ध आहे. दुसऱ्या देशात प्रवेश मिळण्याचा हक्क त्यातून निर्माण होत नाही. अंतिम निर्णय तेथील विमानतळावरील अधिकाऱ्याचा.

मे २०२४ मधील घटना याचे ताजे उदाहरण आहे. दुबईहून भाड्याने घेतलेले एक विमान जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे उतरले. त्यातील बहुसंख्य प्रवासी भारतीय होते. जमैकात भारतीयांना व्हिसा लागत नाही. तरीही हे प्रवासी खरोखर पर्यटनासाठी आले असल्याबद्दल तेथील अधिकाऱ्यांचे समाधान झाले नाही आणि काही दिवसांत सर्वांना दुबईला परत पाठविण्यात आले. त्याआधी डिसेंबर २०२३ मध्ये मध्य अमेरिकेतील निकाराग्वाकडे निघालेले ३०३ प्रवाशांचे विमान फ्रान्समधील वात्री विमानतळावर मानवी तस्करीच्या संशयावरून अडविण्यात आले. त्यातील बहुतेक प्रवासी भारतीय होते आणि २७६ जण २६ डिसेंबरला मुंबईत परतले.

अशा घटनांमागे ‘डंकी’ या नावाने ओळखला जाणारा चोरवाटेचा धंदा आहे. अमेरिका खंडातील व्हिसामुक्त देशात पर्यटक म्हणून उतरायचे आणि तेथून दलालांच्या साखळीने अमेरिकेच्या सीमेकडे सरकायचे, अशी ही रीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानाने अमृतसरला परत पाठविले, त्यात महाराष्ट्रातील तिघे होते. पंजाब, हरियाणा आणि गुजरातच्या तुलनेत हा आकडा लहान आहे. तथापि, नोकरीसाठी गाव सोडू पाहणाऱ्या मराठवाड्यातील तरुणांना व्हिसा लागत नाही या वाक्याची भुरळ पडू शकते, याची नोंद पालकांनी आणि पोलिसांनीही घेतलेली बरी.

या धंद्याची किंमत प्रामाणिक पर्यटकाला मोजावी लागते. परतीचे तिकीट, निवासाचे आरक्षण, पुरेसे पैसे आणि येण्याचे कारण यांची चौकशी भारतीय पारपत्रधारकाकडे अधिक कसून होते. विमान कंपन्याही मुंबईतच प्रवाशाला रोखतात. कारण प्रवेश नाकारलेल्या प्रवाशाला परत आणण्याची जबाबदारी त्यांच्यावर पडते. पहिल्याच परदेश प्रवासात एखाद्या अनोळखी बेटाचे तिकीट काढलेल्या तरुणाकडे म्हणूनच संशयाने पाहिले जाते.

ऊस गेला, पाहुणे आले

मग या बेटांनी भारतीयांसाठी दार उघडे तरी का ठेवले? याचे उत्तर त्यांच्या अर्थकारणात आहे आणि ऊस पिकविणाऱ्या अंबड-घनसावंगी पट्ट्यातील वाचकाला ते चटकन उमगेल.

ही बेटे शतकानुशतके साखरेवर जगली. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या श्रमांवर तेथील मळे उभे राहिले. ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी १८३०च्या दशकात संपल्यावर भारतातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. ‘फतेल रझाक’ हे जहाज ३० मे १८४५ रोजी त्रिनिदादला पोहोचले. ग्रेनाडात भारतीयांचे पहिले जहाज ‘मेडस्टोन’ १ मे १८५७ रोजी लागले. हे मजूर प्रामुख्याने आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधील आणि काही दक्षिणेतील होते. तेथील पंगतीत आजही मिळणारी दालपुरी ही त्यांची खूण. ऊसतोडीसाठी कुटुंबासह गाव सोडणे म्हणजे काय, हे मराठवाड्याला वेगळे सांगावे लागत नाही. फरक इतकाच की, आपल्याकडचा मजूर हंगाम संपल्यावर परततो. त्या मजुरांपैकी बहुतेकांना समुद्र पुन्हा ओलांडता आला नाही.

पुढे युरोपच्या सवलतीच्या दरांवर ही साखर तग धरून होती. त्या सवलती आटू लागल्या तसे एकेका बेटाचे गणित कोलमडले. सेंट किट्सने २००५ मध्ये साडेतीन शतकांची साखरनिर्मिती कायमची बंद केली. उसाच्या वाहतुकीसाठी टाकलेल्या तेथील अरुंद रेल्वेमार्गावर आज पर्यटकांची सहलीची गाडी धावते. ज्या देशाचे एकमेव मोठे पीक संपले, शेजारी मोठी बाजारपेठ नाही आणि खनिजेही नाहीत, त्याच्यापाशी विकण्यासारखे दोनच जिन्नस उरले. पहिला समुद्रकिनारा आणि दुसरा त्याचे सार्वभौमत्व. किनाऱ्यासाठी पाहुणे हवेत, म्हणून व्हिसाची अट शिथिल झाली. यातील बहुतेक देश आणि भारत राष्ट्रकुलाचे सदस्य असल्याने तो दुवाही होताच. शिवाय भारतातून येणारे पर्यटक संख्येने इतके थोडे की, दार उघडे ठेवण्यात त्यांना फारसा धोकाही वाटला नाही.

विकत मिळणारे नागरिकत्व

सार्वभौमत्वाच्या विक्रीची कथा अधिक गंभीर आहे. सेंट किट्सने १९८४ मध्ये गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देणारी योजना सुरू केली. डॉमिनिकाने १९९३ मध्ये तिचे अनुकरण केले. पुढे अँटिग्वा, ग्रेनाडा आणि सेंट ल्युशिया त्या वाटेने गेले. ठरलेली रक्कम सरकारी निधीत भरली किंवा मान्य प्रकल्पात गुंतविली की पारपत्र हाती पडते. किंमत पाडण्याची आपसातील स्पर्धा थांबविण्यासाठी या देशांनी २०२४ मध्ये किमान रक्कम दोन लाख डॉलर ठरविली.

पन्नास हजार वस्तीच्या देशाचे पारपत्र विकत घेण्यात कोणाला रस असेल, असा प्रश्न पडू शकतो. त्याचे उत्तर युरोपच्या नियमांत आहे. अँटिग्वा, बार्बाडोस आणि सेंट किट्सच्या नागरिकांना २००९ पासून, तर डॉमिनिका, ग्रेनाडा, सेंट ल्युशिया आणि सेंट व्हिन्सेंटच्या नागरिकांना २०१५ पासून युरोपच्या शेंगेन क्षेत्रात अल्पकाळासाठी व्हिसाविना जाता येते. १४० कोटींच्या देशाच्या पारपत्राला जी मुभा नाही, ती या बेटांच्या पारपत्राला आहे. धनिक ग्राहक पारपत्रासाठी पैसे मोजतात ते या मुभेपोटी. बेटावर राहायला जाणारे त्यांत थोडेच.

या योजनेचा भारतातील सर्वांत परिचित लाभार्थी म्हणजे मुंबईचा हिरे व्यापारी मेहुल चोक्सी. त्याला २०१७च्या अखेरीस अँटिग्वाचे नागरिकत्व मिळाले. जानेवारी २०१८च्या सुरुवातीला त्याने देश सोडला आणि त्यानंतर काही आठवड्यांत पंजाब नॅशनल बँकेतील १३ हजार कोटींहून अधिक रकमेचा घोटाळा उघडकीस आला. मे २०२१ मध्ये तो अँटिग्वातून बेपत्ता होऊन शेजारच्या डॉमिनिकात सापडला. तेथील तुरुंग, जामीन आणि अँटिग्वात परतणे असे अनेक अंक झाल्यानंतर १२ एप्रिल २०२५ रोजी त्याला बेल्जियममध्ये अटक झाली. त्याने आपल्यावरील आरोप फेटाळले आहेत आणि त्यांचा निवाडा न्यायालयच करील. येथे मुद्दा वेगळा आहे. ज्या बेटांवर चार दिवसांच्या सहलीसाठी जाताना जालन्याच्या शिक्षकाला लंडनच्या संक्रमण व्हिसाचे अर्ज भरावे लागतात, त्याच बेटांचे नागरिकत्व पैसेवाल्याला घरबसल्या मिळते.

या बाजाराला आता मर्यादा पडू लागल्या आहेत. ब्रिटनने जुलै २०२३ मध्ये डॉमिनिकाच्या नागरिकांवर व्हिसाची अट घातली. कारण देताना या नागरिकत्व योजनेच्या गैरवापराकडे बोट दाखविण्यात आले. धनिकांना विकलेल्या पारपत्रांची शिक्षा बेटावरच्या सामान्य माणसाला भोगावी लागली. डंकीवाल्यांमुळे आपल्या प्रामाणिक पर्यटकाचे जे होते, तेच तेथील प्रामाणिक नागरिकाचे झाले.

मनात आणले तर

ही कोंडी फुटूच शकत नाही, असे मानण्याचे कारण नाही. तीन प्रसंग वेगळे सांगतात.

पहिला प्रसंग २००७च्या विश्वचषकाचा. त्या वेळी कॅरिबियन समुदायातील दहा देशांनी काही महिन्यांपुरते एकच प्रवासक्षेत्र निर्माण केले. शंभर डॉलरच्या एका सामायिक व्हिसावर या दहाही देशांत फिरता येत होते. भारतीय प्रेक्षकांनाही तो लागू होता. भारताचा संघ बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून पहिल्याच फेरीत बाहेर पडला आणि अनेकांनी आरक्षणे रद्द केली, हा भाग निराळा. पण स्वतंत्र बाण्याची ही बेटे सोयीसाठी एकत्र येऊ शकतात, हे तेव्हा दिसले. ती व्यवस्था स्पर्धेनंतर मोडली. बेटांना जोडणारी ‘लिआट’ ही जुनी विमान कंपनीही २०२० मध्ये कोलमडली आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणे महाग व अनिश्चित झाले. तिच्या नावाने नवी कंपनी २०२४ मध्ये उभी राहिली आहे.

दुसरा प्रसंग फेब्रुवारी २०२१चा. कोविडच्या साथीत श्रीमंत देश लशींचा साठा करीत असताना पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या कोविशील्डच्या एक लाख मात्रा बार्बाडोसला आणि ७० हजार मात्रा डॉमिनिकाला भारताने पाठविल्या. पुण्यातील कुपी त्या बेटांवर पोहोचली, कारण दोन्ही सरकारांनी मनावर घेतले होते.

तिसरा प्रसंग २०२४च्या विजयानंतरचा. बेरील चक्रीवादळामुळे ब्रिजटाऊनचा विमानतळ बंद झाला आणि विश्वविजेता संघ बार्बाडोसमध्ये अडकून पडला. त्याच वादळाने १ जुलैला ग्रेनाडाच्या करियाकू बेटाची धूळधाण केली. अखेर एअर इंडियाच्या खास विमानाने संघ आणि तेथे अडकलेले भारतीय पत्रकार ब्रिजटाऊनहून निघून ४ जुलैच्या सकाळी थेट दिल्लीत उतरले. त्याच संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर जनसागर लोटला. सुमारे सोळा तासांच्या त्या उड्डाणात ना लंडन लागले, ना न्यूयॉर्क. अर्थात, विश्वविजेत्यांसाठी झाले ते चार पर्यटकांसाठी होणार नाही. पण हे अंतर एका दमात कापता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले.

भारत आणि कॅरिबियन समुदाय यांच्यातील संबंध अलीकडे वाढले आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये गयानात दुसरी भारत-कॅरिकॉम शिखर परिषद झाली. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधानांनी त्रिनिदादला भेट दिली. औषधे, डिजिटल व्यवहार, सौरऊर्जा असे विषय या भेटींत पुढे येतात. प्रवाशाची वाट हा विषयही त्यांत यायला हवा. थेट विमानसेवा आजच्या प्रवासी संख्येवर परवडणारी नाही, हे मान्य. पण ब्रिटन आणि युरोपीय देशांशी व्यापाराच्या वाटाघाटी करताना, परतीचे तिकीट असलेल्या भारतीय प्रवाशाला संक्रमण व्हिसातून सूट मिळावी, ही मागणी रास्त आहे. ती मान्य झाल्यास एकाच फटक्यात डझनभर व्हिसामुक्त देश खऱ्या अर्थाने खुले होतील. निर्देशांकात त्याने एका अंकाचीही भर पडणार नाही. कदाचित म्हणूनच त्याचा पाठपुरावा होत नसावा.

निघण्यापूर्वी

ज्यांना तरीही जायचे आहे, त्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तिकीट काढण्यापूर्वी विमान कोठे बदलणार ते पाहून त्या देशाचा संक्रमण नियम त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासावा. दलालाच्या शब्दावर विसंबू नये. संपूर्ण प्रवास एकाच तिकिटावर असावा. परतीचे तिकीट, निवासाचे आरक्षण आणि पैशांचा पुरावा छापील स्वरूपात जवळ ठेवावा. त्रिनिदादला जाऊन परतणाऱ्यांना भारतात पीतज्वराच्या लसीचा दाखला दाखवावा लागतो. नसल्यास विलगीकरणाची वेळ येते. ही लस मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील ठरावीक केंद्रांतच मिळते आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. जून ते नोव्हेंबर हा तेथील चक्रीवादळांचा काळ, म्हणून दिवाळीच्या सुटीपेक्षा उन्हाळी सुटीचा पूर्वार्ध बरा. बार्बाडोसचे दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक डॉलर, तर पूर्व कॅरिबियन डॉलरचा दर एका अमेरिकी डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. अन्नधान्यापासून बहुतेक वस्तू बाहेरून येत असल्याने ही बेटे स्वस्त नाहीत. अनेक बेटांवर भारताचा निवासी दूतावास नाही. पोर्ट ऑफ स्पेन, जॉर्जटाऊन किंवा पारामारिबो येथील कार्यालयांशी संपर्क साधावा लागतो. त्यांचे क्रमांक आधीच टिपून ठेवावेत.

जालन्याच्या माणसाला जगाचे वावडे कधीच नव्हते. घनसावंगी तालुक्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी बारा वर्षे देशभर भ्रमण केल्याची परंपरा सांगते. जालन्यात १९६४ मध्ये बियाण्यांची कंपनी उभारणाऱ्या बद्रीनारायण बारवाले यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. येथील बियाणे आणि पोलाद दूरदूरच्या बाजारांत जाते. मालाला जी वाट मोकळी आहे, ती माणसालाही असावी, ही अपेक्षा अवाजवी नाही. पारपत्राचा क्रमांक पुढच्या वेळी वर सरकेल किंवा खाली येईल. त्या बातमीकडे पाहताना किती देशांनी दार उघडले एवढेच विचारून थांबू नये. जालन्याहून निघालेला माणूस कोणाची परवानगी न मागता त्यांपैकी किती दारांपर्यंत पोहोचू शकतो, हेही सरकारला विचारले पाहिजे.